पोच

नापो नदीला घाई नसते.
रोसेन्दो कोकिंचे होडीच्या बाकाखाली
माझी पेटी ठोकून घेतो, विचारतो,
"हिला खायला काय घालायचं?"
निरोप, मी म्हणते. मिळतील तेवढे.
दुसरी होडी भेटली, कडेला कड लागली,
की ही तिच्या कानात सगळं ओतेल.
"आणि नाही भेटली तर?"
तर पोटात ठेवील.

बारा गावं, आणि हवा एकच.
पहिल्या वर्षी मी उंच खांब रोवले,
प्रत्येकाला दुरून ओरडायला शिकवलं.
सगळे एकदम ओरडले.
कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही.
ज्याचा आवाज लांब, त्याच्या वाटेत
तेवढे जास्त शेजारी मुके.
गाव वाढलं की प्रत्येकाचा घास लहान व्हायचा.
शेवटी मीच खांब उतरवले.

आता कुजबुज.
जवळ आल्याशिवाय बोलायचं नाही,
आणि जवळ येणं नदीच्या मर्जीवर.
कुजबुजीत मात्र कोठार मावतं:
पोटातल्या बाळांची चित्रं, शाळेचे पेपर,
अख्खा फुटबॉलचा सामना, भांडणासकट.
फक्त कधी पोचेल ते विचारू नका.

नर्स नेलिदा विचारते.
तिला विचारावंच लागतं.
तिच्यासाठी एक बारीक वाट राखली आहे,
रेडिओची, मोजक्या शब्दांची:
हेरगोन साप. डावा पाय. मुलगा, सात वर्षांचा.
तेवढं जाईपर्यंत
साऱ्या नदीनं तोंड मिटून बसायचं.
स्वस्त नसतात एवढे थोडे शब्द.
(मुलगा लंगडतो. पण पळतो.)

मधे मला शहाणपण सुचलं होतं.
एका निरोपाच्या दहा प्रती, दहा होड्यांत,
एक तरी लवकर लागेल धक्क्याला.
लागली.
पण पेट्या तुडुंब झाल्या.
एकाच बाप्तिस्म्याचे फोटो दहा वेळा वर गेले,
आणि मलेरियाच्या काचपट्टीचं चित्र
जागा नाही म्हणून मासानमध्ये पडून राहिलं.
रोसेन्दो म्हणाला, दहा कशाला?
एक मला दे, एक माझ्या मेहुण्याला.
आमचं पटत नाही.
आम्ही एका दिवशी कधीच निघत नाही.

माझ्या वहीत तीन पानं गणित होतं.
मी ते खोडलं नाही, पण त्याखाली
मेहुण्याचं नाव लिहिलं.

ऑगस्टात पाणी उतरलं.
एल्विरा नोतेनोच्या मुलानं इकितोसहून
अकरा मिनिटांचा व्हिडिओ धाडला: आई, मी येतोय.
व्हिडिओवाली होडी वाळूत रुतली, सहा दिवस.
मुलगा दुसरीनं निघाला,
गुरुवारी घरी आला, जेवला, झोपला.
व्हिडिओ शनिवारी आला.

मला वाटलं, पुसून टाकावा. शिळा झाला.
एल्विरानं हात धरला.
ती पडद्यासमोर बसली, मुलगा तिच्या शेजारी,
युका सोलत. तो काहीतरी म्हणाला,
तशी तिनं त्याला दटावलं,
"गप्प बस. तू बोलतोयस."

पडद्यावर खोली होती, दोरीवर ओला शर्ट,
एकच भांडं, आणि सातव्या मिनिटाला
बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
एवढी गप्प रेडिओवरून जात नाही.
शेजारचा मुलगा युकाकडेच बघत राहिला.

नियमाप्रमाणे पेटीनं पोच तयार केली:
मिळालं. पूर्ण. एकही तुकडा गहाळ नाही.
आणि ती खाली निघाली, मेहुण्याच्या होडीतून,
इकितोसमधल्या भाड्याच्या त्या खोलीकडे,
जिथं आता दुसरंच कुणी राहतं.